मागच्या गल्लीतले सात एसी

वसईत घरगुती एसी बसवणारा पहिला माणूस मी. लिहून ठेवा! म्हणजे मी सगळ्यांना तसंच सांगत आलोय. खरं विचाराल तर पहिला एसी मी बसवला नव्हता, पाडला होता. दुसऱ्या मजल्यावरून. खाली कोणी नव्हतं, फक्त एक सायकल होती. तीही माझीच!

किस्से कसे साठतात, तर एसीच्या जाळीवर धूळ साठते तसे. रोज बघाल तर काही दिसत नाही. सहा महिन्यांनी जाळी काढून नळाखाली धरली की बादलीभर गाळ निघतो. माझ्याकडे वीस वर्षांचा गाळ आहे. लोक म्हणतात, "भास्कर, काय मजेत सांगतोस रे!" मजेत कसलं? मी बोंबलत असतो. लोकांना ते गाणं वाटतं!

तर तो पडलेला एसी. नव्वदीतली गोष्ट. माणिकपूरला आमचं दुकान होतं. आमचं म्हणजे माझं आणि दुमिंगचं. दुमिंग आयटीआय पास. मी सातवी, त्यातली सहावी दोनदा. तो दर रविवारी न चुकता चर्चमध्ये मिस्साला जायचा आणि आठवडाभर गप्प असायचा. त्याच्या वाटणीचं बोलणं मीच बोलायचो. मुंबईच्या ऑफिसांनी टाकून दिलेले विंडो एसी आम्ही आणायचो, धुवायचो, गॅस भरायचो, रंग मारायचो आणि इकडच्या फ्लॅटांमध्ये बसवायचो.

पहिलं गिऱ्हाईक एक डॉक्टर. आम्ही दोरीने एसी वर ओढला, खिडकीपर्यंत नेला, आणि मी ऐटीत म्हणालो, "सोड, मी धरलाय." दुमिंगने सोडला. मी धरलेला नव्हता!

धडाम आवाज झाला. आतून डॉक्टर ओरडले, "बसला का?"

दुमिंगने खाली वाकून नीट बघितलं आणि म्हणाला, "बसला. पण सायकलवर."

मला वाटलं, आता डॉक्टर हाकलणार. तर त्यांनी दुसरा एसी पण आम्हालाच सांगितला. म्हणे, "तुम्हाला आता अनुभव आहे!"

* * *

पण खरा गाळ एव्हरशाईन सिटीतल्या एका बिल्डिंगचा. नाव सांगत नाही. तिथे अजून ओळखीची माणसं राहतात, आणि सगळ्यांना वाचता येतं.

तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. पुढे बाल्कन्या, गेटवर पितळी अक्षरात नाव. मागे सहा-सात फुटांची गल्ली आणि गल्लीपलीकडे दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. सेक्रेटरी होते दुसऱ्या मजल्यावरचे सामंत. कोकणातला माणूस, मुंबईत नोकरी, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. एक लिहायचं आणि एक खोडायचं.

सामंतांनी कमिटीत नियम करून घेतला: "एसी फक्त मागच्या बाजूला. पुढून एकही दिसता कामा नये. बिल्डिंगचा शो जातो."

मी म्हणालो, "साहेब, पुढे तुमच्या बाल्कनीत सहा चड्ड्या वाळतायत."

"त्या आत घेता येतात," सामंत म्हणाले.

दुसरा नियम: एसी लावायचा तर तळमजल्यावरच्या घराची ना हरकत सही पाहिजे. तळमजल्यावर पुढे सगळी दुकानं. मागे एकच घर, आमच्या जनी आत्याचं.

आत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. आमची सगळी माणसं खाडीकडची, भातशेती करणारी. ही बिल्डिंग उभी आहे ती आत्याच्याच खाचरावर. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात फ्लॅट दिला तेव्हा म्हणाला, वरचा घ्या, पुढे रस्ता दिसेल. आत्याने खालचा, मागचा मागून घेतला. गल्लीच्या तोंडाकडून खाडीचा वारा थेट तिच्या खिडकीत यायचा. आत्याचा नवरा, आमचे मामा, गेलेले, एकुलती एक मुलगी लग्न होऊन कामणला. आत्या एकटी त्या खिडकीशी बसायची, आणि सांगायची, "हितंच भात लावला, हितंच डोळे मिटनार." मे महिन्यातसुद्धा तिला पंखा लागायचा नाही. मी टेबलफॅन नेऊन दिला होता, तिने त्याच्यावर टोपी अडकवून ठेवलेली!

एसी बसवणारा मी, त्यामुळे सहीचा कागद पण मीच न्यायचो. पहिला कागद सामंतांचा.

"आत्या, सही कर. तुला नवरा बघितलाय."

"कोन रे?"

"वरच्या मजल्यावर राहणार. थंड डोक्याचा आहे. रात्रभर घुरघुरतो आणि थोडं पाणी गळतं."

"मग तुझ्या मामापेक्षा बराच!" म्हणून आत्या हसत सुटली आणि हसता हसताच मोठ्या मोठ्या अक्षरांत तिने 'जनी' लिहून टाकलं. चष्मा शोधायलाही उठली नाही.

तीन मजले, मजल्याला पुढून मागपर्यंत जाणारे दोन फ्लॅट, म्हणजे सहा एसी. पण झाले सात, कारण सामंतांनी दोन लावले. दुसरा कशाला? "मुलांना अभ्यासाला." मुलं दोन्ही होस्टेलवर! चार-पाच वर्षांत सात कागद झाले. सात वेळा मी नवा विनोद केला, सात वेळा आत्या हसली, आणि प्रत्येक वेळी चहा पाजून तिने मला विचारलं, "परत कदी येशील?"

मी म्हणायचो, "वरच्यांना अजून उकडलं की!"

* * *

तिसऱ्या मजल्यावर वैद्य राहायचे. देशावरचे, शुद्ध शाकाहारी, एका वीज कंपनीत नकाशे काढायचे आणि त्यामुळे विजेतलं सगळं कळतं असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

एकदा त्यांचा दुकानात फोन. "भास्करराव, एसीचा गॅस लीक होतोय. बेडरूममध्ये गॅसचा वास येतोय."

"कसा वास आहे साहेब?"

"मासळीसारखा."

मी गेलो. नाक आत घातलं. गॅस कसला, ओले बोंबील! खिडकीतून खाली बघितलं. दुसऱ्या मजल्यावर सामंतवहिनींनी त्यांच्या एसीच्या पाठीमागे, गरम हवा जिथे बाहेर पडते बरोब्बर तिथे, ग्रिलला दोरी बांधून बोंबलांची तोरणं लावलेली. पावसाळ्याचे दिवस, ऊन नाही, तर बाईने एसीवर बोंबील वाळवायला काढले! आणि वैद्यांच्या एसीची बाहेरची हवा आत घ्यायची खिट्टी पहिल्या दिवसापासून उघडीच.

खिट्टी बंद केली की काम संपत होतं. पण मला राहवतंय होय?

"साहेब," मी म्हणालो, "गॅस इम्पोर्टेड आहे. बोटीने आलाय. प्रवासात थोडा वास लागतो."

"किती दिवसांत जाईल?"

"पंधरा."

माणूस पंधरा दिवस नाकाला रुमाल बांधून झोपला! वीज कंपनीतला! सोळाव्या दिवशी मी जाऊन गुपचूप खिट्टी लावली.

उतरताना वहिनींनी जिन्यात अडवलं. मला वाटलं, कोणीतरी चुगली केली. तर म्हणतात, "भास्कर, बरं झालं आलास. आमचा एसी बघ जरा."

"कूलिंग कमी आहे का?"

"कूलिंग झकास आहे रे. मागून गरमी कमी मारतोय. बोंबील चार-चार दिवस ओलेच!"

सगळ्या जन्मात मला थंडीच्या कंप्लेंटी आल्या. गरमी कमी पडते म्हणून कंप्लेंट करणारी ही एकच बाई!

* * *

मग लोडशेडिंगची वर्षं आली. आठवलं तरी डोकं फिरतं. भर उन्हाळ्यात चार-चार, पाच-पाच तास लाईट गायब. आणि आली की काय व्हायचं? सातही एसी एकाच सेकंदाला चालू! की मीटर रूममधला मेन फ्यूज धाड! पुन्हा अंधार. पुन्हा वायरमन, पुन्हा फ्यूज, पुन्हा सात एसी, पुन्हा धाड. आणि शिव्या कोणाला? मला! जसं काय लाईट मी खिशात घालून नेत होतो.

मी हात जोडून सांगितलं, एकेकाने लावा रे बाबांनो. पाळी लावा. झालं, पाळीवर मीटिंग. पहिला नंबर कोणाचा? सामंत म्हणाले सेक्रेटरीचा. वैद्य म्हणाले वयाप्रमाणे. पहिल्या मजल्यावरचा एकजण म्हणाला एबीसीडीप्रमाणे, कारण त्याचं आडनाव आगाशे! तीन मीटिंगा झाल्या, पाळी ठरली नाही.

मग माझं टाळकं सटकलं. मी भरल्या मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, "हे बघा, तुम्हाला एक टेक्निकल गोष्ट माहीत नाही. चार तास बंद राहिलेल्या तारा उन्हात तापतात. लाईट येते तेव्हा पहिला करंट गरम येतो. तो एसीत गेला की एसी आयुष्यभर गरमच मारणार!"

सगळ्यांनी माना वर करून वायरिंगकडे बघितलं.

"पहिल्या मजल्यावर करंट पाच मिनिटांत थंड होतो. दुसऱ्यावर दहा. तिसऱ्यावर पंधरा, कारण त्याला चढायला लागतं."

मला वाटलं आता वैद्य उठणार आणि माझी अब्रू काढणार. वैद्य उठले. म्हणाले, "बरोबर आहे. ह्यालाच आम्ही टेक्निकल भाषेत लॅग म्हणतो."

मी खालीच बसलो!

त्या दिवसापासून फ्यूज उडाला नाही. घड्याळं लावून बसायचे सगळे. पण माणसाची जात बघा. पुढच्याच मीटिंगला तिसऱ्या मजल्याचा लेखी अर्ज: "आम्हांस थंड करंट पंधरा मिनिटे उशिरा मिळतो. तरी आमचा मेन्टेनन्स त्या प्रमाणात कमी करावा!"

* * *

आता ह्यापुढे माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

सात एसींचं पाणी कुठे जाणार? खाली. आत्याच्या खिडकीपुढच्या ओट्यावर. टप, टप, टप, दिवसरात्र. दुसरी कोणी असती तर भांडली असती. आत्या शेतकरीण. तिने ओट्यालगतची फरशी उचकटली, दोन घमेली माती आणली आणि अळू लावलं. सात एसींचं पाणी पिऊन अळू असं माजलं की पान घेतलं तर माझं डोकं झाकलं जाईल! आत्या जुड्या बांधून सगळ्या मजल्यांवर वाटायची. सामंतांकडे अळूवड्या, वैद्यांकडे फतफतं. सगळे बोटं चाटून खायचे.

आणि एक दिवस आत्याच्या दारावर नोटीस! मी स्वतः वाचली. एकेक शब्द बोट ठेवून वाचली, कारण माझा माझ्यावर विश्वास बसेना. "आपण सोसायटीच्या सामाईक जागेत, सोसायटीच्या सभासदांच्या एसीच्या पाण्यावर, खाजगी अळू लावले आहे. तरी सदर अळू सात दिवसांत काढावे."

मी तसाच वर गेलो. सामंत जेवत होते.

"साहेब, खाजगी अळू म्हणजे काय?"

"नियम आहे, भास्कर. आज अळू, उद्या केळी."

"आणि पाणी तुमचं?"

"एसी आमचे, तर पाणी आमचंच ना?"

"आणि ती गरम हवा बाहेर पडते, ती कोणाची?"

"हवेवर कोणाचा हक्क नसतो," सामंत म्हणाले, आणि वहिनींना म्हणाले, "अजून एक वाढ."

त्यांच्या ताटात अळूवडी होती!

* * *

गरम हवेचं तुम्हाला सांगतो, कारण वीस वर्षांत मला कोणी हे विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही. एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली गरमी उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. केर काढून शेजाऱ्याच्या दारात लोटावा, तसं. सात एसी त्या सहा फुटांच्या गल्लीत केर लोटत होते. समोरच्या भिंतीवर हवा आदळायची आणि तिथेच घोटाळायची. गल्लीच्या तोंडाकडून खाडीचा वारा यायचा, तो ही सगळी गरमी गोळा करून आत्याच्या खिडकीत आणून ओतायचा.

तिने खिडकी लावून घेतली, तर खोलीची भट्टी. उघडली, तर भट्टीचं तोंड. टेबलफॅनवरची टोपी काढली, तर तो गरम हवाच फिरवायचा. आत्याचं अंग घामोळ्यांनी भरलं. दुपारी ती बाहेर जिन्याखाली मीटर रूमच्या पायरीवर जाऊन बसायला लागली. स्वतःच्या खाचरावर, मीटर रूमच्या पायरीवर!

मी कमिटीला सांगितलं. वैद्य म्हणाले, "शक्य नाही. गरम हवा नेहमी वर जाते. साधं सायन्स आहे. त्यांना गरम होऊच शकत नाही."

"मग घामोळं सायन्सला दाखवायला आणू का?"

"भास्करराव, भावनेच्या भरात बोलू नका."

भावनेच्या भरात! मी ठरवलं, ह्यांना बोलून नाही, शिजवून कळेल. मे महिन्यातला रविवार धरला. आत्याला सांगितलं, कमिटीला कोकम सरबताला बोलाव. फुकट म्हटल्यावर सगळे आले. दुपारी दोन वाजता त्यांना आत्याच्या खोलीत बसवलं, खिडकी उघडली, आणि म्हणालो, आता इथेच मीटिंग घ्या.

दहा मिनिटांत सामंतांच्या खिशातलं पेन गळायला लागलं. वैद्यांचा चष्मा नाकावरून घसरून सरबतात. आगाशे दोनदा उठून बाथरूममध्ये डोकं भिजवून आले. मी मनात उड्या मारत होतो. आत्या पदराने सगळ्यांना वारा घालत होती. मी डोळ्यांनी खुणावलं, घालू नकोस!

शेवटी सामंत म्हणाले, "भास्कर, पटलं. हे फारच भयंकर आहे. ठराव लिहून घ्या."

माझी छाती फुगली. वैद्यांनी वही काढली आणि सामंतांनी सांगितलं, "सदर खोलीत सभा घेणे सर्वांस अत्यंत गैरसोयीचे असल्याने, यापुढील सभा दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी यांच्या एसी हॉलमध्ये घेण्यात याव्यात."

एकमताने मंजूर!

* * *

मग मी संप केला. त्या बिल्डिंगचा एकही एसी उघडणार नाही. सगळे पुढे हलवा, हलवायचं काम फुकट करून देतो, नाहीतर मरा उकडून. दुकानाच्या फळीवर तसं खडूने लिहून पण ठेवलं.

दुमिंग म्हणाला, "अरे, सात एसी तूच बसवले ना?"

"म्हणून तर!"

"आणि कागद कोणी नेले?"

"तू माझ्या बाजूचा आहेस की त्यांच्या?"

दुमिंग पक्कड पुसत बसला. आठवड्याचं बोलणं संपलं असावं.

संप दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका दुकानाचा माणूस शिडी घेऊन गेला आणि सातही एसी धुवून आला. वर प्रत्येक घरात सांगून आला, "आधीच्या मेकॅनिकने काहीच केलेलं नाही. मागून गरम हवा किती कमी येत होती बघा! आता कशी भसाभसा येते!"

मी दुकानात थयथयाट केला. खडूची फळी आपटली. दुमिंगने ती उचलली, पुसली आणि एकच वाक्य बोलला, "संपाला दोघं लागतात रे भास्कर. एक बंद करणारा आणि एक अडणारा."

पार्टनर आहे म्हणून वाचला!

* * *

त्यानंतर महिनाभर मी तिकडे गेलो नाही. रागाने. म्हणजे मी त्याला राग म्हणत होतो. खरं तर आत्या पायरीवर बसलेली बघायला लागली असती.

एक दिवस दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि आत्या उतरली. नऊवारी नवी, केसाला तेल, हातात प्लॅस्टिकची पिशवी. आत्या ह्यापूर्वी कधी दुकानात आली नव्हती. दुमिंगने स्टूल पुसून दिलं. मी नेहमीसारखं सुरू केलं, "काय आत्या, नटून कुठे? नवरा पसंत पडला वाटतं!"

आत्या हसली नाही. पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला.

"हितं सही कर. साक्षीदार पायजे."

"कसला साक्षीदार?"

"खोली दिली. मी चालले कामनला, पोरीकडे. तिच्याकडे कौलं हायत, विहिरीचं पानी हाय. रातीला झोप लागते."

"दिली? कोणाला?"

"सामंताला. त्याचे गुडगे गेले. जिना चढवत नाय."

मी कागद ओढून घेतले आणि वाचायला लागलो. मला वाचायला वेळ लागतो. ओळीखाली बोट धरावं लागतं, ओठ हलतात. दुमिंग म्हणाला, मी वाचून दाखवू का. मी म्हणालो, गप बस. पहिलं पान, दुसरं पान, सगळी वकिलाची भाषा. आत्या वाट बघत बसली होती.

शेवटच्या पानामागे सोसायटीच्या ठरावाची नक्कल जोडली होती. त्यात लिहिलं होतं, की तळमजल्यावरील खोलीत राहणाऱ्या सभासदास उष्ण हवेचा त्रास होत असल्यामुळे, मागील बाजूचे सातही एसी तातडीने पुढील दर्शनी भागात हलवण्यात यावेत. सूचक सामंत. अनुमोदक वैद्य. एकमताने मंजूर.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली.

मी टेबलावर हात आपटला. ओरडलो, "बघ, बघ हे! तुला घामोळ्यांनी खाल्लं तेव्हा ह्यांचं सायन्स होतं! हवेवर कोणाचा हक्क नव्हता! बिल्डिंगचा शो जात होता! आणि आता स्वतः खाली येतोय तर सातच्या सात पुढे! आठ दिवसांत तिथे पहिल्यासारखा वारा येणार आत्या, तुझा वारा, आणि तो खाणार हा सामंत! फाड हा कागद! मी सही करणार नाही. मेलो तरी करणार नाही! काय लिहिलंय ते तरी तुला कोणी सांगितलं का? विचारलंस का तू, ह्यात काय लिहिलंय?"

रिक्षावाला आत डोकावून बघायला लागला. दुमिंगने शटर थोडं खाली ओढलं.

आत्याने माझ्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्या हातात दिलं.

"सात वेळा तू कागद आनलास, भास्कऱ्या," आत्या म्हणाली. "मी येकदा तरी इचारलं का, काय लिवलंय? आज मी आनलाय, तर तू वाचत बसलास व्हय रे?"